गाडीच्या फोटोत माणूस नको

"ह्यात गाडी कुठं हाय?" माझा मोबाइल डोळ्यांपासून लांब धरत रसूलनं विचारलं.

मी बोट ठेवून दाखवली. म्हशीच्या मागं होती.

"म्हस कशाला घेतलीस?"

"मी न्हाई घेतली. ती आली."

रसूल तांबोळी माझा शाळेपासूनचा मित्र. गडहिंग्लजला त्याचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षांत त्यानं जन्मलेल्या पोरांपासून मेलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले, पण त्याची खरी ख्याती लग्नाच्या मुलींचे फोटो काढण्यात होती. रसूलनं फोटो काढला की मुलगी वर्षाच्या आत खपते, असं आमच्या भागात म्हणायचे. त्यामुळं मी त्याच्याकडं गेलो होतो. माझी गाडी खपत नव्हती.

रसूलनं पुढचा फोटो बघितला. त्यात गाडी होती, पण तिच्या छतावर माझी बनियन वाळत असल्यासारखी दिसत होती. ती मागच्या दोरीवर होती, हे मी समजावून सांगितलं. तिसऱ्या फोटोत माझा अंगठा होता. चौथा भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला. पत्र्याच्या फटींतून ऊन पडून गाडीवर पांढरे पट्टे उठले होते.

"किती दिवस झालं जाहिरात टाकून?"

"बारा."

"फोन?"

"एक आला."

"काय म्हनला?"

"म्हस विकायची हाय का म्हनून विचारलं."

रसूल हसला नाही. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले आणि उद्या सकाळी साडेसहाला येतो म्हणाला.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी बायको वत्सला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. ती सरकारी नर्स होती. उपकेंद्रं लांबलांब, एसटीच्या वेळा विचित्र, म्हणून वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि ही लाल, छोटी गाडी घेतली. मी साखर कारखान्यात फिटर. गाडीचं कुठलंही काम मला यायचं, चालवणं तेवढं येत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी शेजारच्या शेवंताकाकूंच्या गोठ्यात शिरलो. त्यानंतर मी उजव्या बाजूला बसलो नाही. ती चालवायची, मी डावीकडं बसायचो. गावानं वर्षभर चेष्टा केली आणि मग सोडून दिली.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं मला एकच काम सांगितलं. गाडी उभी ठेवू नका. चालवणाऱ्या माणसाला द्या.

मी हो म्हणालो आणि अकरा महिने गाडी उभी ठेवली. रोज पुसायचो. दर रविवारी इंजिन सुरू करून ऐकायचो आणि बंद करायचो. एक दलाल येऊन गेला. सुटे भाग करून विकतो म्हणाला. त्याला मी चहासुद्धा दिला नाही. पण पुण्याहून रोहिणी, माझी मुलगी, दर फोनला म्हणायची की बाबा, उभ्या गाडीचं भंगारच होतं. शेवटी तिनं मुदत घातली. महिनाअखेरपर्यंत कुणी चालवणारा मिळाला नाही, तर त्याच दलालाला बोलवायचं. जाहिरात तिनंच मोबाइलवर टाकून दिली आणि फोटो तेवढे माझ्यावर सोपवले. मी रसूलकडं गेलो त्या दिवशी तारीख होती अठरा.

रसूल आला तेव्हा सव्वासहाच वाजले होते. गळ्यात कॅमेरा असेल असं मला वाटलं होतं. त्याच्या हातात एक तिपाई आणि एक फडकं होतं.

"कॅमेरा?"

"तुझ्या मोबाइलवरच काढायचा. तुला शिकवायला आलोय. मी मेल्यावर कुनाकडं जाशील?"

त्यानं शेडभोवती एक चक्कर मारली. दोरी, गोठा, शेणाच्या पाट्या, माझी सायकल, सगळं बघितलं. मुलगी दाखवायची असली की तिच्या मागं धुणं वाळत घालतात का, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हणालो. मग गाडीच्या मागं का घातलंस, म्हणाला. फोटो काढायच्या आधी मागं काय आहे ते बघायचं, माणूस म्हण, गाडी म्हण, हा पहिला नियम.

म्हणून गाडी दूध डेअरीच्या पटांगणावर न्यायची ठरली. तिथं मागं नुसता उसाचा फड होता. आता आम्हा दोघांनाही गाडी येत नव्हती. रसूलला फक्त स्कूटर येत होती. मी न्यूट्रल टाकलं आणि बाहेरूनच स्टिअरिंग धरून ढकलायला लागलो, रसूल मागून. दोघं मिळून एकशे पस्तीस वर्षांची माणसं. दीडशे पावलांचा रस्ता, त्यात वाटेत चढ. चढावर गाडी थांबली ती हलेना. ती सकाळी डेअरीला दूध घालायची वेळ. किटल्या घेऊन येणारे थांबले, किटल्या कडेला ठेवल्या आणि हात लावला. शेवंताकाकूंनी हात लावला नाही, त्या पुढं चालत रस्ता मोकळा करत होत्या. एकानं विचारलं, बंद पडली का. मी म्हटलं, न्हाई, फोटो काढायचाय. ढकलणं थांबवून त्यानं एकदा माझ्याकडं नीट बघितलं.

पटांगणावर रसूल जागा झाला. इतका वेळ तो दमलेला म्हातारा होता. तिथं तो स्टुडिओतला रसूल झाला. सूर्य कुठं आहे ते बघून त्यानं गाडी फिरवून घेतली. ऊन आपल्या पाठीमागं पाहिजे आणि कोवळं पाहिजे. दुपारच्या उन्हात रंभा उभी केली तरी डोळ्यांखाली खड्डे दिसतात, म्हणाला. काचा सगळ्या वर घ्यायला लावल्या. समोरच्या काचेजवळचं प्लास्टिकचा गुलाब, जुन्या पावत्या आणि एक कंगवा काढून माझ्या हातात दिला. कंगवा मी खिशात घातला.

मी गाडीच्या बरोबर समोर उभा राहून मोबाइल धरला.

"थांब. समोरून काढलास की ओळखपत्र हुतंय. बाजूनं काढलास की पोलिसातला फोटो. मुलीला काय सांगायचो मी? जरा वळून बस, बाई. एक गाल दिसू दे आनि दुसऱ्याचा अंदाज येऊ दे."

म्हणजे गाडीच्या कोपऱ्यावर उभं राहायचं. समोरचे दोन्ही दिवे दिसले पाहिजेत आणि एक पूर्ण बाजू दिसली पाहिजे. पुढची चाकं थोडी वळवायची, म्हणजे चाकाचा चेहरा आपल्याकडं येतो. फार जवळ जायचं नाही. जवळून काढलं की मोबाइलमध्ये नाक मोठं येतं, मुलीचंही आणि गाडीचंही. आठ-दहा पावलं मागं जायचं.

"आनि खाली बस. उभं ऱ्हाऊन काढलास तर गाडी बुटकी दिसती. दिव्याच्या उंचीला डोळा पाहिजे."

खाली बसणं हे माझ्या गुडघ्यांना दहा वर्षांपासून मान्य नव्हतं. त्यासाठी तिपाई आणली होती. मी तिपाईवर बसलो, वाकलो आणि फोटो काढला. रसूलनं बघितला. आजूबाजूला दूधवाले जमले होते, त्यांनीही बघितला. मीही बघितला आणि खरं सांगतो, मला गाडी ओळखू आली नाही. ती ऐटीत उभी होती. मागं उसाची हिरवी भिंत, वर थोडं आकाश.

"झ्याक," रसूल म्हणाला. "पन नवऱ्या मुलाचा फोटो कुनी मागितला नव्हता."

दारात मी होतो. रोज पुसून पुसून मी त्या दाराचा आरसा केला होता आणि त्या लाल आरशात तिपाईवर बसलेला, तोंड उघडं टाकलेला एक म्हातारा स्वच्छ दिसत होता. त्याच्यामागं पाच-सहा किटल्या आणि माणसं.

गाडीच्या फोटोत माणूस नको, हा रसूलचा शेवटचा आणि सगळ्यात कडक नियम. घेणाऱ्याला त्या जागी तो स्वतः दिसला पाहिजे, दुसराच कुणी आधी बसलेला दिसला तर त्याचं मन होत नाही.

त्यानं गर्दी हटवली. मी बाजूला सरकून काढला, तर रसूल आला. रसूल हटला, तर शेवंताकाकू आल्या. मग डेअरीच्या सेक्रेटरीनं सुचवलं की काळं काहीतरी पांघरलं तर माणूस दिसणार नाही. कुणीतरी घोंगडं आणलं. मी डोक्यावरून घोंगडं घेऊन, मोबाइलपुरतं भोक ठेवून तिपाईवर बसलो. फोटोत आता म्हातारा नव्हता. एक अस्वल होतं आणि त्याला पायजमा होता. तेवढ्यात कुणाचंतरी वासरू मला बघून दावं तोडून पळालं आणि निम्मे लोक त्याच्यामागं गेले. बाकीचे तिथंच बसून हसत राहिले. मी घोंगड्याच्या आतून हसलो. किती दिवसांनी, ते मला आत असतानाच लक्षात आलं आणि थोडा वेळ मी बाहेर आलो नाही.

रसूलनं घोंगडं ओढून काढलं.

"अरं, तू दाराकडं बगू नको," तो म्हणाला. "दार काय बगतंय ते बग. त्याच्यासमोर जे हाय ते त्यात येनार. तू त्याच्या नजरंतनं बाजूला हो."

त्यानं माझे खांदे धरून मला तीन पावलं उजवीकडं नेलं, थोडं वाकवलं. दारात आता नुसती मोकळी जमीन आणि आकाशाची एक पट्टी होती. मी बटण दाबलं. नंतर दुसऱ्या बाजूनं, मागून, आतून, असे सगळे काढले. एकातही कुणी नव्हतं.

ते फोटो घेऊन आम्ही त्याच्या स्टुडिओत गेलो. मोठ्या पडद्यावर बघितल्यावर त्याला लाल रंग थोडा फिका वाटला. उन्हानं गाडीच फिकी झाली आहे की मोबाइलनं केली, ते कळेना. गाडी नवी असतानाचा एखादा फोटो आहे का म्हणून त्यानं विचारलं, म्हणजे रंगाचा अंदाज येईल.

होते. वत्सलाच्या मोबाइलमध्ये होते. आमच्याकडं खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की सगळं घर गाडीसमोर ओळीनं उभं राहून फोटो काढतं. गाडी मागं कुठंतरी असते. वत्सलाला ते पटायचं नाही. वर्षभर राबली ती, आणि फोटो तुमचा, म्हणायची. मला पूजेचं ताट घेऊन बाजूला व्हायला लावायची आणि एकट्या गाडीचा फोटो काढायची. नऊ वर्षं, दर वर्षी एक. स्वतःचा मात्र तिनं कधी काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. तिच्या कार्यालाही ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करावा लागला होता. रसूलनंच केला. त्यात ती विनातिकीट पकडल्यासारखी दिसते. त्याबद्दल तो अजून माझी माफी मागायचा.

तिचा मोबाइल मी चार्ज करून खिशात ठेवत असे. गावोगावच्या बायकांचे त्यावर अजून फोन यायचे. त्यातले फोटो मी बघितले होते, पण एवढ्याशा पडद्यावर. मला त्यात झेंडूची माळ घातलेली गाडी दिसायची, एवढंच.

रसूलनं ते नऊ फोटो पडद्यावर घेतले आणि एकेक बघायला लागला.

"हिला कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई."

"कोपऱ्यावरनं घेतलाय. सकाळचं ऊन. चाकं वळवलीत. मागं भिंत रिकामी. दिनकर, मला हे कळायला दहा वर्सं लागली." मग तो पुढं सरकला. "एकच चूक केलीया. नऊच्या नऊ वेळा केलीया."

त्यानं दार मोठं केलं.

ती दारात उभी होती. दाराला जरा बाक असल्यानं होती त्याहून बुटकी आणि रुंद दिसत होती. पदर कमरेला खोचलेला, मोबाइल दोन्ही हातांत, आणि जिभेचं टोक दातांत धरलेलं. इंजेक्शन देताना ती अशीच धरायची. तिला माहीत नव्हतं की आपण दिसतोय, त्यामुळं तिनं तोंड फिरवलेलं नव्हतं.

रसूल एकेक मोठा करत गेला. दुसऱ्या वर्षी ती एका हातानं कुणालातरी बाजूला हो म्हणून खुणावत होती. तो मीच. माझं निम्मं पोट आणि ताटाची कड आली होती. चौथ्या वर्षी ती हसत होती, कशाला ते मला खूप आठवूनही आठवलं नाही. सातव्या वर्षी बारीक झाली होती. तेव्हा आम्हाला अजून कळलेलं नव्हतं. दाराला आमच्याआधी कळलं होतं.

शेवटच्या वर्षी डोक्याला रुमाल होता. त्या दिवशी तिला उभं राहवत नव्हतं. दारात आम्ही दोघं होतो. ती मोबाइल धरून, आणि मी तिला धरून.

रसूलनं माउसवरचा हात काढला. बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी आलं होतं, त्याला त्यानं दुपारनंतर यायला सांगितलं.

"पुसता येतंय," थोड्या वेळानं तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "दोन मिनटांचं काम हाय. पुसून तिचाच एखादा टाकूया. आपल्यापेक्षा चांगला हाय."

"पुसू नको."

"मग टाकता येनार न्हाई. नियम हाय."

"असू दे नियम."

मी त्या दिवशी जाहिरातीत आमचे नवे आठ फोटो टाकले. पण सगळ्यात वर तिचा टाकला, पाचव्या वर्षीचा. त्यात ऊन सगळ्यात छान होतं आणि तीही.

संध्याकाळी रोहिणीचा फोन आला. नवे फोटो बघून ती खूश होती. म्हणाली, बाबा, अगदी शोरूमसारखे आलेत, फक्त तो पहिला काढून टाका. जुना आहे, शिवाय दारात कुणीतरी बाई आलीय. फोन कानाला होता तसाच होता. पलीकडं तिनं बहुतेक फोटो मोठा केला असावा, कारण बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई किती जाड होती ना तेव्हा," ती शेवटी म्हणाली.

"दाराला बाक आहे."

"हो, तेच." मग म्हणाली, "राहू दे तो."

त्यानंतर चार दिवसांत सात-आठ फोन आले. सगळ्यांनी एकच विचारलं, लिटरला किती देते आणि शेवटची किंमत काय. दोघांनी शहरातून भाड्यानं फिरवायला पाहिजे म्हणून सांगितलं. कुणीच यायची तारीख दिली नाही. दलालाचाही फोन येऊन गेला, महिनाअखेर जवळ आली ना म्हणून.

सत्तावीस तारखेला सकाळी एका बाईंचा फोन आला. नाव नूतन पाटकर. आजऱ्याजवळच्या शाळेत शिक्षिका होत्या, माहेर सावंतवाडीकडं. किंमत वगैरे काही न विचारता त्या म्हणाल्या, "काका, पहिल्या फोटोत दारात एक बाई दिसतात. गाडी त्यांची आहे का?"

"हो."

"त्या स्वतः चालवतात?"

"नऊ वर्षं."

"मग जरा त्यांच्याकडे फोन देता? मी नुकतीच शिकलेय, मला बऱ्याच शंका आहेत. पुरुषांना विचारलं की ते ॲव्हरेज सांगतात. त्यांना बघितलं म्हणूनच फोन केला मी."

मी शेडमध्ये उभा होतो. अकरा महिने मला ते वाक्य म्हणता येत नव्हतं. दूधवाल्यानं, पोस्टमननं, उपकेंद्रातल्या नव्या नर्सनं, कुणीही विचारलं की मी, ती घरात नाही, एवढंच सांगायचो. खोटं नव्हतं ते.

"ती वारली," मी म्हणालो. "अकरा महिने झाले."

बाई माफ करा म्हणाल्या आणि फोन ठेवायला लागल्या.

"ठेवू नका," मी म्हणालो. "विचारा तुम्ही. मी नऊ वर्षं शेजारी बसलोय."

आधी त्या संकोचल्या. मग त्यांनी विचारलं, माझी उंची पाच फूट, माझे पाय क्लचला पोचतील का. मी सांगितलं, ती चार अकरा होती, पाठीला एक उशी घ्यायची. उशी गाडीतच आहे. साडी क्लचमध्ये अडकते का, विचारलं. मी सांगितलं, ती निऱ्या डाव्या गुडघ्याखाली दाबून बसायची आणि चप्पल काढून शेजाऱ्याच्या पायाशी टाकायची. पावसात सुरू होते का, विचारलं. मी सांगितलं, एका पावसात ती कुणाच्यातरी बाळंतपणाला निघालेली असताना गाडी चिखलात रुतली, तेव्हा बाळाचा बाप, आजोबा आणि वैदू तिघांनी ढकलली आणि ती पोचली तेव्हा बाळ होऊन रडतसुद्धा होतं, त्याबद्दल तिनं बाळाला झापलं. बाई हसल्या. मी आणखी सांगितलं. मी बोलतच राहिलो. शेडमधून पटांगणापर्यंत गेलो, परत आलो, कान बदलला. त्यांच्या शाळेची घंटा झालेली मला फोनमधून ऐकू आली, तरी त्यांनी मला थांबवलं नाही.

"शेवटचं एकच विचारते," त्या म्हणाल्या. "माहेरी जाऊन यायचं तर मला आंबोली घाट आहे. भीती वाटते. चढते का हो ही?"

"चढते," मी म्हणालो. "दुसऱ्या गिअरवर ठेवायची आणि घाई करायची नाही. फक्त एक पथ्य आहे. शेजारी बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही."

पलीकडं कुणीतरी त्यांना वर्गावर बोलावत होतं.

"रविवारी ह्यांना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "हे शेवटचं त्यांना तुम्हीच सांगा."